ओझ्यासकट उजेड

लेकीला वाटलं होतं, शिकून परत येईन तेव्हा आई दारातच हेल्मेट काढत उभी असेल. आली तर आई चुलीपाशी बसलेली, बाहेर नुकतं कुठे अंधारतंय आणि मोटारसायकल ताडपत्रीखाली.

हे मी सांगतोय, त्या मोटारसायकलचा पुढचा दिवा. एका लांबच्या कारखान्यात माझी काच ओतली, आत चांदीसारखा मुलामा दिला आणि तपासणाऱ्या बाईने फडक्याने पुसून मला खोक्यात ठेवलं. तेवढी माया पुन्हा क्वचितच मिळाली. माणसं टाकी रोज घासतात, आरशात केस नीट करतात. दिवा विझला की मगच त्यांना दिव्याची आठवण येते.

आमची आई परिचारिका. लोक तिला सिस्टर म्हणतात. मागे औषधांची लोखंडी पेटी बांधून ती खाणीपलीकडच्या वस्त्यांवर बाळंतपणं करायला जायची. अकरा वर्षं मी तिच्यापुढे धावलो. मग ती खड्ड्यांत आदळायला लागली, एकदा तर थेट बैलाच्या शेपटीपाशी थांबली.

"डोळे गेले माझे," ती लेकीला म्हणाली. "उद्या मोठ्या डॉक्टरांना सांगून टाकते, रात्रीच्या फेऱ्या बंद. दवाखान्यात बसून सुया मोजेन."

"आणि वस्तीवरच्या बायका?"

"येतील टेम्पोतून. पोचल्या तर."

हे ऐकून लेक पेटून उठली. शिकून आलेली, त्यात तरुण. "आई, हा डोळ्यांचा नाही, उजेडाचा प्रश्न आहे," असं म्हणत ती बाजारात गेली आणि सगळ्यात झगझगीत पांढरा बल्ब घेऊन आली. तो माझ्यात बसवला. मला स्वतःचीच लाज वाटावी इतका मी तळपलो.

काळोख पडल्यावर बल्ब बघायला दोघी वस्तीच्या वाटेने निघाल्या, आई पुढे, लेक मागे, तिच्या पाठीशी पेटी. वळणावर समोरून सिलिंडरवाला आला. माझा झोत त्याच्या डोळ्यांत गेला आणि तो गाडीसकट शेजारच्या चिखलात उतरला.

"सिस्टर, सूर्य घरी ठेवून यायचा ना," तो चिखलातूनच म्हणाला. "आणि रस्त्यावर तरी पाडा तो. वर कावळे झोपलेत, त्यांना कशाला उठवता?"

त्याचं कोपर सोललं होतं. आईने गाडी मधल्या स्टँडवर लावली, पेटी उतरवली आणि पट्टी बांधायला बसली. लेक खाली मान घालून उभी होती. वर बघितलं तेव्हा तिला दिसलं की मघाशी झाडाच्या शेंड्यावर असलेला उजेड आता रस्त्यावर पडलाय.

तिने पेटी उचलून परत बांधली आणि गाडी स्टँडवरून काढून आईला वर बसवलं. उजेड पुन्हा झाडावर गेला.

"मिस्त्रीकडे गाडी नेतेस तेव्हा ही पेटी कुठे असते?"

"घरी. त्याच्या ऑइलचे हात औषधांना लागायला नकोत." आई थांबली. "तो बिचारा रिकामी गाडी स्टँडवर लावूनच दिवा बसवतो."

अकरा वर्षं हेच चाललं होतं, कुणाचीच चूक नव्हती. गाडी रिकामी असताना मी सरळ बघायचो. ओझं चढलं की मागची बाजू दबायची आणि माझी मान वर जायची. त्यात काचेआड धूळ साचत गेली आणि उरलासुरला उजेडही मंदावला. मला तोंड नव्हतं म्हणून, नाहीतर पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं.

घरी आल्यावर लेकीने पांढरा बल्ब काढून माझा जुना पिवळा बसवला. काच उघडून आतली धूळ पुसली. भिंतीवर खडूने रेघ ओढली, भरलेली पेटी आणि आई गाडीवर बसवली आणि माझा झोत रेघेखाली येईपर्यंत पान्याने स्क्रू फिरवला.

"मी कशाला हवी वर?" आई म्हणाली.

"बस गं गप्प. तूही ओझ्यातच धरलेली आहेस."

मग आई एकटीच कोपऱ्यापर्यंत जाऊन आली.

"अगं, तिथे खड्डा आहे."

"मी शाळेत होते तेव्हापासून आहे."

आई हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली. त्या डोळ्यांना काहीच झालं नव्हतं.

सकाळी ती लेकीला घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेली ती फेऱ्या चालू ठेवते हे सांगायला. मी दवाखान्याच्या दाराशी उभा होतो, अंगावर ऊन घेत. माझी तुम्हाला एकच विनंती आहे: अंधारात काही दिसेनासं झालं, तर आपल्या डोळ्यांना बोल लावण्याआधी एकदा माझ्याकडे बघा. आणि समोरून येणाऱ्याकडेही.

लेक मात्र आत गेली नाही. रस्त्यावरून पाण्याचे कॅन, भाजीच्या टोपल्या, अख्खी कुटुंबं लादलेल्या गाड्या चालल्या होत्या. प्रत्येकीचा दिवा आभाळाकडे बघत होता. ती बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने दवाखान्याच्या कुंपणभिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: दर रविवारी संध्याकाळी इथे दिवा नीट करून मिळेल. येताना रोजचं ओझं लादून या.