पाण्याचे फोटो

"बाजूले सरू का बाई?" डोमाने पाण्यातून विचारले.

मनकर्णाबाईंनी डोळ्याला लावलेला कॅमेरा न काढता नुसता हात हलवला. डोमाने बांबू रेटला आणि त्याचा डोंगा हळूच बेसरमाच्या झुडपांआड गेला.

"अजून थोडा. तुह्या बांबूचं टोक दिसून राह्यलं."

"आता?"

"हां. आता बोलू नको."

"मी बोललो तं का पाणी हालते बाई?"

"पाणी नाई, माहा हात हालते."

डोमा गप्प झाला. डोंग्याने उठवलेल्या लाटा तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, दगडांना लागून विरल्या. समोरच्या जंगलावर सूर्य टेकला होता. पाणी एकदाचे निजले, तसा पाण्यातही एक सूर्य आणि उलटे जंगल उभे राहिले. बाईंनी श्वास धरला, खटका दाबला आणि म्हणाल्या, "झालं. ये आता."

मनकर्णा खोब्रागडे कोसंबीच्या उपकेंद्रात नर्स होत्या. नऊ गावे त्यांच्याकडे. बाळंतपणे, लसी, तापाच्या गोळ्या, साप चावलेल्याला गाडीत घालणे, हे सगळे त्यांच्याच माथी. पायी फिरायच्या, रस्ता असेल तिथे एसटीने. नवरा अहेरीकडे मास्तर होता. दोघांनी एका जागी बदली मागितली. अर्ज सहा वर्षे फिरत राहिले आणि सातव्या वर्षी त्याने तिकडेच दुसरा संसार मांडला. बाई रडल्या नाहीत असे नाही. रडल्या, आणि सोमवारी लसीचा डबा घेऊन गावाला गेल्या.

कॅमेरा त्यांनी ब्रह्मपुरीच्या भैयाजी फोटोवाल्याकडून जुना घेतला होता. साधा डबा कॅमेरा, एका रोळात बारा फोटो, तेही काळे-पांढरे. रोळ धुवायला टाकला की भैयाजी दर वेळी डोक्याला हात लावी.

"बारापैकी बाराच्या बारा पाणी? बाई, एखाद्या माणसाचा तरी काढा."

"दिवसभर माणसंच तं राह्यतेत पुढं, भाऊ. कोणाचं पोट, कोणाची जखम. संध्याकाळी तरी नको."

एकदा त्याच्या आग्रहाने त्यांनी रंगीत रोळ टाकून पाहिला. तो नागपूरला धाडावा लागला. महिन्याने फोटो आले तेव्हा बाई म्हणाल्या, "हे पाणी नाई, शरबत होय." पुन्हा काळ्या-पांढऱ्यावर आल्या. त्यात ऊन कुठे संपले आणि पाणी कुठे सुरू झाले ते नीट कळते, असे त्यांचे म्हणणे.

अकरा वर्षे त्या पाळीवर येत होत्या. रोज नव्हे, पण जमेल तेव्हा. आणि अकरा वर्षे डोमा ढिवर तिथेच पाण्यात असे. सायंकाळी जाळे लावायची त्याची वेळ आणि बाईंची फोटोची वेळ एकच. पहिल्यांदा त्या जरा चिडल्या होत्या. मग डोमाच शिकला. बाई पाळीवर दिसल्या की विचारायचा आणि झुडपात सरायचा. वारा पडणार असेल तर आधीच ओरडून सांगायचा, "थांबा बाई, घटकाभरानं पाणी निजन." तुडमाजवळून, म्हणजे पाणी सोडायच्या दारापासून, काढला तर झाडाची सावली फोटोत येईल, हेही त्यानेच सांगितले होते. त्याचा भाऊ बिरजू कधी त्याच्याऐवजी डोंगा घेऊन आला, तर तोही तसाच सरायचा. डोमाने त्याला बजावून ठेवले होते.

त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. पाऊस उघडला होता आणि आकाशात फाटके ढग होते. अशा दिवसांत सूर्य बुडताना आभाळभर रेघा उठतात. बाई पाळीवर आल्या तर तलावात कोणीच नव्हते. पाणी काचेसारखे पडले होते. त्यांनी निवांत एक फोटो काढला. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशीही हात हलवावा लागला नाही, याचा त्यांना थोडा आनंदच झाला. लागोपाठ तीन संध्याकाळी तीन चांगले फोटो.

चौथ्या दिवशी सकाळी डोमाची बायको ठमा उपकेंद्राच्या दारात उभी होती.

"बाई, चला जी. त्यायले ताप आहे. बडबडून राह्यले."

"कईपासून?"

"चार दिवस झाले. म्हणत होते, उतरते, उतरते."

बाई तशाच निघाल्या. डोमा खाटेवर होता. डोळे उघडे होते, पण माणूस ओळखत नव्हता. त्यांनी त्याच्या बोटातून रक्त काढून काचपट्टीवर घेतले. गोळी त्याच्या घशाखाली उतरेना.

"बिरजू, गाडी जुंप," त्या म्हणाल्या. "इथी काई होत नाई. मोठ्या दवाखान्यात न्या लागते."

बैलगाडीने सडकेपर्यंत, तिथून एसटीने. गाडीत मागच्या बाकावर डोमाला आडवे केले. डोके बाईंच्या मांडीवर, पाय बिरजूच्या. ठमा उभीच होती. तीन तास लागले. डॉक्टरांनी सलाइन लावले, सुई दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी डोमा गेला. काचपट्टीचा निकाल आठ दिवसांनी आला. मेंदूला चढणारा मलेरियाच होता. तो कागद बाईंनी दोनदा वाचला आणि फाइलला लावला.

त्यांना राहून राहून एकच गोष्ट आठवत होती. पहिल्या संध्याकाळी तलाव रिकामा दिसला, तेव्हा घरी परतताना ढिवर मोहल्ल्यावरून दोनशे पावले वळून विचारता आले असते. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही.

तेरवी झाल्यावर एका दुपारी ठमा त्यांच्या खोलीवर आली. सोबत चार वर्षांची कमली होती. हिचा जन्म बाईंच्याच हातचा.

"एक मांगाले आली, बाई."

"बस ना आधी."

ठमा दाराशीच टेकली. "त्यायचा एक फोटो द्या. आमच्या घरी नाई. लग्नातबी काढला नाई कोणी. तुमी तं रोज तलावावर काढत होत्या. ते तिथीच रायत."

मनकर्णाबाईंनी उठून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि सगळे फोटो चटईवर ओतले. दोनशेच्या आसपास असतील. ठमाने हात पदराला पुसले आणि एकेक फोटो उचलून पाहू लागली. तिने घाई केली नाही. पाहिलेला फोटो ती उजव्या बाजूला नीट रचून ठेवी. कमली मधूनच विचारे, "बाबा कुठी आहे यात?" ठमा म्हणे, "थांब."

अर्धे झाल्यावर बाईंना बसवेना.

"ठमा, नाई सापडणार. मीच त्याले बाजूले सराले लावत होती."

ठमाने मान वर केली नाही. "मालूम आहे. घरी सांगत ते. म्हणत, नर्सबाईले पाणी साफ पायजे. पोरं हासत." तिने एक फोटो कमलीपुढे धरला. पाण्यात एक बारीक तिरपी रेघ उमटली होती. "हे पाय, हे पाणी हाललं ना, हे तुह्या बाबाच्या डोंग्यानं. आता इथून गेले."

कमलीने फोटो उलटा करून मागची बाजू पाहिली. तिथे काही नव्हते.

ठमाने उरलेले सगळे फोटो पाहिले, आणि रिकाम्या हाताने घरी गेली.

रविवारी बाईंनी सगळ्या निगेटिव्ह गोळा केल्या आणि ब्रह्मपुरी गाठली. भैयाजी फोटो छापताना कडा कापत असे, हे त्यांना ठाऊक होते. कडेला काही राहिले असेल तर निगेटिव्हमध्ये असेल. भैयाजीने दुकानाचे दार लोटले, दिव्यावर काच ठेवली आणि भिंगातून एकेक पट्टी पाहू लागला. बाई स्टुलावर बसून होत्या. जेवणाची वेळ टळली.

"हे पाहा," तो शेवटी म्हणाला.

डाव्या कडेला, झुडपातून अर्धवट बाहेर, डोंग्यात एक माणूस होता. त्याचे तोंड कॅमेऱ्याकडे होते. झाले का म्हणून पाहत असावा. तोंड तांदळाच्या दाण्याएवढे.

"मोठं करता येईन?"

"करतो. पण फुटन ते. दाणे दिसतीन."

"दिसू द्या."

मोठा केलेला फोटो खरेच दाणेदार निघाला. डोक्याला बांधलेला गमछा कळत होता, गालाचे हाड कळत होते, बाकी सगळे धुके. बाईंनी तो फोटो जवळून पाहिला, मग लांब धरून पाहिला. डोमाच आहे, असे त्यांनी स्वतःला तीनदा सांगितले. भैयाजीने पैसे घेतले नाहीत. "माणसाचा फोटो हाय पहिला," एवढेच म्हणाला.

एसटीतून उतरून त्या थेट ढिवर मोहल्ल्यात गेल्या. दिवस कलायला लागला होता. ठमा अंगणात उकडलेले शिंगाडे सोलत बसली होती आणि कमली तिच्या पायाशी. बाईंनी पाकिटातून फोटो काढून दिला. ठमाने तो दोन्ही हातांनी धरला. शेजारची म्हातारी गुणाबाईही काठी टेकत आली.

ठमाने तो उजेडाकडे वळवून पाहिला. मग शांतपणे म्हणाली, "हे ते नोहोत, बाई. हा बिरजू होय."

"नीट पाय, ठमा. गमछा पाय."

"गमछा दोघायचा एकच होता. बिरजू डोंग्यात बसून रायते. ते कधी बसत नसत, उभेच रायत." जराशाने तिने विचारले, "मी माह्या माणसाले वळखत नाई का?"

गुणाबाईने फोटो हातात घेतला आणि मान हलवली. "बिरजूच आहे."

मनकर्णाबाई अंगणातल्या खाटेच्या कडेला बसल्या. दिवसभर पोटात काही नव्हते, ते आता जाणवले.

"माफ कर," त्या म्हणाल्या.

"तुमी काऊन? तुमी इतक्या दूर जाऊन आल्या." ठमाने फोटो पाकिटात परत घातला. "त्याले देतो हा. त्याचाबी नाई कुठी. राहू द्या त्याच्या घरी."

मग तिने बाईंपुढे वाटीभर सोललेले शिंगाडे ठेवले. वाटी रिकामी झाल्यावर म्हणाली, "एक काम करा, बाई. ही पोरगी रोज इचारते, बाबा कसे दिसत होते. मी सांगतो तं म्हणते, तू दर खेपी येगळंच सांगते. तुमी शिकेल आहा. तुमचं आयकन. तुमी तं त्यायले अकरा साल पाह्यलं."

कमली उठून बाईंच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली.

मनकर्णाबाईंनी सांगायला तोंड उघडले आणि त्यांच्या लक्षात आले की सांगायला काही नाही. डोमाचा आवाज त्यांना होता तसा ऐकू येत होता. त्याचे उभे राहणे, बांबू रेटताना खांदा वाकवणे, सगळे दिसत होते. पण तो नेहमी सूर्याच्या पुढे असे. अकरा वर्षे त्यांनी पाहिली होती ती उन्हापुढची काळी आकृती, तीही लवकर निघून जावी म्हणून. तोंड उजेडात नीट पाहिले ते एकदाच, एसटीच्या मागच्या बाकावर. तीन तास.

मग त्यांनी तिथूनच सांगायला घेतले. ताप तेवढा वगळला.

"तुह्या बाबाचं कपाळ मोठं होतं," त्या म्हणाल्या. "असं, चार बोटं. नाकावर देवीचे वण होते. बारीक बारीक. मोजले तं सात."

"सात," ठमा म्हणाली. "बरोबर."

"खालचा एक दात अर्धा होता."

"लहानपणी पडले होते, पाळीवरून."

"आन् डाव्या कानाच्या खाली एक तीळ होता. तुरीच्या दाण्याएवढा."

"डाव्या नाई, बाई. उजव्या."

मनकर्णाबाईंनी डोळे मिटले. मांडीवरचे डोके त्यांनी पुन्हा एकदा आठवले. खिडकी कोणत्या बाजूला होती, ऊन कुठून येत होते, त्यांचा हात कुठे होता.

"हो," त्या म्हणाल्या. "उजव्या. माहीच चूक झाली."

कमलीने आपल्या उजव्या कानाखाली बोट लावून पाहिले. "मंग?" तिने विचारले.

"मंग भुवया. जाड होत्या. मधात जुळत होत्या."

"जुळत नव्हत्या," गुणाबाई म्हणाली.

"जुळत होत्या, आत्या," ठमा म्हणाली. "हासले का जुळत."

घरांच्या मागे तलावावर सूर्य टेकला होता. मनकर्णाबाईंची तिकडे पाठ होती. दोन घरांच्या मधून ते ऊन समोर बसलेल्या ठमाच्या तोंडावर आले होते, आणि त्या तिच्याकडे पाहत, तिने मान डोलावली की पुढचे सांगत होत्या.