टेकलेल्या माना

मी एक जुनी खुर्ची आहे, दाढी-कटिंगच्या दुकानातली. मित्रांनो, मला लाकडी हात आहेत, लोखंडी पाय आहे आणि मान टेकायला वर-खाली सरकणारी उशी आहे. एका सुताराने आणि एका लोहाराने मिळून मला घडवलं. त्या दोघांचं एकमेकांशी मुळीच पटत नव्हतं, म्हणून कुणी बसलं की मी आजही कुरकुरते.

माझा मालक अबोल आणि हाताचा हलका. वस्तरा गळ्यावर फिरत असताना गिऱ्हाईक माझ्या उशीवर मान टाकून चक्क घोरायचं. त्या भाराचा मला फार अभिमान होता. मालक मात्र दूरच्या एका गावाबाहेरच्या झोपड्यांत वाढलेला, ज्या जमातीला सगळे सरसकट चोर म्हणतात तिच्यातला. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. माणसं माझ्यावर बसून त्या जमातीला नाही नाही ते बोलायची आणि तो मुकाट्याने फेस काढत राहायचा.

मग त्याच्या बायकोचा भाऊ गेला. कुणाच्या तरी अंगणातल्या नळावर तो पाणी प्यायला थांबला, कुणीतरी चोर म्हणून ओरडलं आणि जमावाने त्याला मारून टाकलं. मालकीण दुकानातले टॉवेल धुवायला यायची. ती नवऱ्याला म्हणाली, "सगळं गाव तुमच्याकडे येऊन बसतं. एकदा तरी सांगा हो, माझा भाऊ चोर नव्हता."

दुसऱ्या दिवशी मास्तर आले, अगदी जुनं गिऱ्हाईक. अर्धी दाढी झाल्यावर म्हणाले, "बरं झालं, एक कमी झाला. दहशत बसायलाच हवी."

मालकाचा हात त्यांच्या गळ्यावर थांबला. "मास्तर, तो माझा मेहुणा होता."

"म्हणजे तू... त्यांच्यातला?"

"हो. पाणी प्यायला थांबला होता हो तो. चोर नव्हता."

मास्तरांची मान उशीवरून उचलली गेली. आवाज अगदी बारीक झाला. "आधी वस्तरा खाली ठेव."

वस्तरा हातात आहे याचं मालकाला भानच नव्हतं. त्याने तो घाईघाईने ठेवला. मास्तर अर्ध्या दाढीनिशी फेस पुसत रस्त्याला लागले. मला त्यांचा राग आला, आजही येतो.

त्यानंतर कुणी भांडलं नाही की दगड मारला नाही. लोक येत आणि विचारत, "तुमच्यात म्हणे लहानपणापासूनच शिकवतात?" मालक समजावून सांगे. ते हं हं करत केस कापून घेत. दाढीचं विचारलं की म्हणत, "नको, घरीच करतो." पुढे केसांनाही येईनासे झाले. माझ्या उशीवर धूळ बसली.

शेवटी मला टेम्पोत घालून मालक दूरच्या शहरात आला. परवा इथल्या एका गिऱ्हाइकाने मान मागे टाकली आणि गप्पा सुरू केल्या. "मेहुणे किती तुम्हाला?"

मालकीण दारात टॉवेल पिळत होती.

"एकही नाही," मालक म्हणाला. "बायको एकुलती एक. तिला भाऊच नव्हता."

तिचे हात थांबले. गिऱ्हाईक घोरू लागलं.

मित्रांनो, माझी गादी फाटली आहे, पण ती शिवा असं मी म्हणणार नाही. एवढंच मागते. कुणी तुम्हाला आपण कोण आहोत ते सांगू लागलं, तर त्याच्या हातात काय आहे ते पाहत बसू नका. त्याचं ऐकून घ्या. नाहीतर त्याला आपलं मेलेलं माणूससुद्धा कधी नव्हतंच म्हणावं लागतं.