गॉर्डीच्या सहाकोनी टाकीचं स्टँड

पूर ओसरल्यावर माझ्या भावाच्या घरात एकच वस्तू धड सापडली, माशांची टाकी. खालचं दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळ्यांचं स्टँड पाण्यात पावासारखं फुगून चुरलं होतं आणि टाकी अलगद चिखलात बसली होती. एकाही काचेला तडा नव्हता. मासे नव्हते. गॉर्डीही नव्हता, तो पुराच्या दिवशीच बुडाला.

रोवेना, त्याची बायको, आता वर टेकडीवरच्या गुनेलाबा उपनगरात भाड्याच्या घरात राहते. एक दिवस ती टाकी गाडीत घालून माझ्या सुतारकामाच्या शेडवर आली.

"नेव्ह, याला स्टँड करून दे."

"दुकानात मिळतात की."

"या आकाराचं? दाखव मला ते दुकान."

खरंच होतं तिचं. जुन्या घराच्या पुढे आलेल्या खिडकीत बसावी म्हणून गॉर्डीने ती स्वतः जोडली होती. सहा बाजू, त्यातली एकीसारखी दुसरी नाही. "काचा कापताना किती बिअर झाल्या होत्या रे?" मी तेव्हा विचारलं होतं. तो म्हणाला, "माशांची तक्रार नाही, तुझी का?"

हे आठवलं, पण आत काही हललं नाही. पुरानंतर माझं असंच झालं होतं. अंत्यविधीला मी खिशात हात घालून उभा होतो, आणि भेटेल त्याला एकच सांगत होतो, "माशांपायी गेला. टाकी सोडवेना गाढवाला." लोक माझा खांदा दाबायचे. मी त्यांच्या डोक्यावरून छताचे सांधे बघत राहायचो.

टाकी मी खाकी कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. कागद कापला, त्यावरून प्लायवूड कापलं. लाकूड गॉर्डीच्याच घरातलं घेतलं. ते घर पाडायला काढलं होतं आणि लाकडी फरशीखालच्या तुळया अजून लोखंडासारख्या होत्या. खिळे उपटताना एक पंज्यात घुसला. रक्त आलेलं दिसलं म्हणून कळलं. चिंधी बांधली आणि पुढचा खिळा धरला.

एवढ्या पाण्याचं वजन म्हणजे चार-पाच माणसं एकावर एक बसल्यासारखं. म्हणून प्रत्येक कोपऱ्याखाली एक, असे सहा पाय दिले. आडव्या पट्ट्यांचा प्रत्येक सांधा वेगळ्या कोनाचा. माझी मशीनं चिखलात गेली होती, त्यामुळे सगळं हातकरवतीने. घाई कशाचीच नव्हती. भूक लागत नव्हती, संध्याकाळ झालेली कळत नव्हती. करवत पुढे जायची, मागे यायची.

स्टँड तयार झाल्यावर दोघांनी मिळून ते तिच्या खोलीत लावलं. फरशी एका बाजूला उतरती होती. मी दोन पायांखाली पातळ पाचरी सारल्या, वर फोम अंथरला, त्यावर टाकी ठेवली. रोवेनाने अंगणातल्या नळाचा पाइप खिडकीतून आत घेतला आणि नळ सोडला. आम्ही पाणी चढताना बघत उभे राहिलो.

"नेव्ह, तो माशांसाठी थांबला नव्हता," ती म्हणाली.

मी पाचर चाचपत होतो.

"शेजारच्या होडीत बसला होता की तो, माझ्या बाजूलाच. मग म्हणाला, नेव्ह त्याची पत्र्याची होडी घेऊन येईल. घरात कोणी दिसलं नाही तर तो खुळा पाण्यात उडी मारेल. असं म्हणून परत खिडकीतून आत गेला. आम्ही हाका मारत राहिलो."

माझी होडी खांबांवर उभ्या माझ्या घराखाली बांधलेली होती, तिथेच बुडाली. मी त्या सकाळी माझ्याच छपरावर बसलो होतो, हातात बंद पडलेला फोन धरून.

"मग आजवर बोलली का नाहीस?"

"तू सगळ्यांना मासे मासे सांगत होतास. मला वाटलं, तेवढंच झेपतंय तुला. झेपू दे."

"मग आज का?"

"आता माझ्याच्याने ते मासे ऐकवत नाहीत."

पाणी वरच्या कडेजवळ आलं होतं. सगळ्या बाजूंनी सारख्या उंचीवर.

"नळ बंद कर," मी म्हणालो.

ती बाहेर गेली. मी गुडघ्यावर बसून टाकीच्या प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवलं. कुठे ओल नव्हती. तसाच तिथे भिंतीला टेकून बसलो. रोवेना आत आली. माझ्या मांडीवर चीज-टोमॅटोचं सँडविच ठेवलं आणि खुर्चीत बसली. मी ते खाल्लं. चव लागली नाही, पण संपवलं.

मग तिथेच जमिनीवर झोप लागली. जाग आली तेव्हा अंगावर तिचा कोट होता आणि खोलीत ऊन आलं होतं.

"घोरतोस किती रे," ती म्हणाली. "चहा टाकू?"

"टाक."

पुढे महिनाभराने तिने रेनबो मासे आणले. मी रविवारी जातो, पाचरी तपासतो, चहा घेतो. रडू अजून आलेलं नाही. पण परवा पबमध्ये एकाने विचारलं, भाऊ कसा गेला तुझा? मी म्हणालो, "माझी वाट बघत होता." आणि ग्लास न संपवताच खाली ठेवला.