टेकाडाखालच्या विटा

आपला नवरा नोकरीत नेमकं करायचा काय, एवढं एकदा त्याच्याच तोंडून ऐकावं, ही मास्तरीणबाईंची बेचाळीस वर्षांची इच्छा होती. नवरा, म्हणजे फिटर, रोज संध्याकाळी काळेकुट्ट होऊन घरी येत आणि विचारलं की सांगत, "साबणाच्या कारखान्यात असतो." यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. पाच वर्षांपूर्वी सरकारी पत्र आलं, गुप्ततेची शपथ आता उठली म्हणून. शपथ होती हे बाईंना तेव्हा कळलं! तरी फिटर मिठाची गुळणी धरूनच.

पत्रात कामाची जागा दिली होती. तिथं आता राखीव जंगल होतं. बाईंनी गुपचूप तिथल्या जंगलफेरीची दोन तिकिटं काढली.

रविवारी दहा-बारा जण वनरक्षक मुलीमागून निघाले. फिटर पक्षी बघत होते, म्हणजे तसं दाखवत होते. गवताळ टेकाडापाशी मुलगी थांबली.

"इथं गुप्त प्रयोगशाळा होती. पेन्सिलीत असतं ना, त्या ग्राफाइटच्या हजारो विटा रचून अणुभट्टी बांधली होती. काम संपल्यावर सगळं पाडून पुरलं, वर झाडं लावली. विटा अर्थात यंत्रानं रचल्या होत्या."

बाईंनी चोरून पाहिलं. भाजी खारट झाली तरी ब्र न काढणाऱ्या माणसाचे कान लाल झाले होते.

"यंत्रानं?" फिटर म्हणाले. "कोण म्हणतं? हातानं रचल्यात. सत्तावन्न थर. साहेब दोन विटांमध्ये कागद सरकवून बघायचे. एकदाही सरकला नाही."

मग कसलं थांबतायत! टेकाडावर चढून ते काठीनं दाखवू लागले, दार इथं, विटा कापायची करवत तिथं, आणि तोंड धुतलं तरी काळं कुठं जातंय. लोक हसत होते. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी पर्स या हातातून त्या हातात घेतली, परत या हातात घेतली.

मुलीनं वही काढली. "काका, हे कुठंच लिहिलेलं नाही. पहिल्यापासून सांगता?"

फिटर वहीकडे बघत राहिले. मग खाली उतरले, बायकोला बाकावर बसवलं आणि शेजारी टेकले.

"तुला नंतर सांगतो, बाळ," ते म्हणाले. "हिचा नंबर आधी आहे."