शेवंती, ओडिल आणि माझ्या टाचण्या

आधीच सांगते, फुलं मी सुचवली होती, पण चूक माझी नाही. आमचे हे म्हणतात, तुझीच. त्यांना म्हणावं, तुम्ही आपली कंपनीची बस चालवा.

इथे आखातात, जुफैरमध्ये, अमेरिकन नेव्हीच्या तळापासून दोन गल्ल्या सोडून माझं शिवणाचं दुकान आहे. एक मशीन, एक इस्त्री, एक पडदा आणि गिऱ्हाइकाला उभं करायला एक लाकडी स्टूल. आजूबाजूच्या उंच इमारतींत अमेरिकन लोक भरलेत. त्यांच्या गणवेशांवर नावाच्या पट्ट्या लावायच्या आणि पँटी आखूड करायच्या, यावर आमचं घर चालतं. मी मंगला परब, वेंगुर्ल्याची. माझं इंग्रजी तोडकंमोडकं, पण अडत काही नाही. कारण माणसाला स्टुलावर उभं करून त्याच्या पँटला टाचण्या लावल्या की तो आपसूक बोलायला लागतो. हलता येत नाही, मग करणार काय बिचारा?

वेंडेल असाच बोलायला लागला. पन्नाशी ओलांडलेला, ताडमाड उंच, तळावर जहाजांच्या इंजिनांचं काम बघतो. घटस्फोट होऊन जमाना झाला. मला ‘मॅम’ म्हणतो. पाचची वेळ दिली तर पाचच्या आधीच येऊन दाराबाहेर घड्याळ बघत उभा राहतो, आणि ठोका पडला की आत येतो. असा माणूस मी आमच्या सबंध तालुक्यात बघितला नाही.

ओडिल त्याच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. फ्रेंच शाळेत गणित शिकवते. नवरा जाऊन सात वर्षं झाली. बाई देखणी, पण नाकावर माशी बसू देणार नाही. पहिल्यांदा तिचा झगा मी बरोबर बेतला, तेव्हा खूश होऊन तिने माझ्या दोन्ही गालांना गाल लावून मुका घेतल्याचा आवाज काढला. तेवढ्यात आमचे हे डबा घेऊन आले. तिने त्यांचेही दोन्ही गाल पकडले! त्यानंतर आठवडाभर गुंडू परब दुकानाकडे फिरकले नाहीत. रोज फोन करून विचारायचे, “गो, ती बाई नाय ना थंय?”

त्या दोघांची ओळख माझ्याच दुकानात झाली. तिने रीतीप्रमाणे गाल पुढे केला. याने रीतीप्रमाणे हात पसरून तिला कवेत घेतलं. तिचं नाक याच्या खिशातल्या पेनावर आपटलं. नंतर ती मला म्हणाली, “मंगलाऽ, मिठी काय कुणालाही मारतात? मिठी घरच्या माणसांसाठी!” आणि तो म्हणाला, “मॅम, आमच्याकडे अनोळखी बाईचा गाल असा धरला तर थोबाडीत बसेल.” मी म्हटलं, आमच्याकडे लांबूनच हात जोडतात, कुणाचं नाक दुखत नाही.

पण जमलं हो त्यांचं. संध्याकाळी दोघं अरादला किल्ल्याजवळ समुद्राच्या कडेने चालायला जायची. ऑगस्टमध्ये असंच एकदा फिरून झाल्यावर गाडीत याने तिचं चुंबन घेतलं. गालाचं नव्हे. मला कसं कळलं? दोघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं, स्टुलावर उभं राहून.

आणि इथेच सगळं घोडं अडलं. ओडिलच्या हिशेबी त्या संध्याकाळी विषय संपला होता. तोंडाचं चुंबन घेतलं, म्हणजे जोडी झाली. त्यात विचारायचं काय आणि सांगायचं काय? तिला तेव्हा हनोईच्या शाळेचं बोलावणं आलं होतं, पगार चांगला, घर फुकट. तिने त्याच आठवड्यात नाही म्हणून कळवून टाकलं. वेंडेलला त्यातलं अक्षरही सांगितलं नाही. म्हणे, हे काय सांगायचं असतं?

वेंडेलच्या हिशेबी त्या संध्याकाळी नुसती सुरुवात झाली होती. त्यांच्याकडे म्हणे दोघांनी हिंडायचं, जेवायचं, चुंबनंसुद्धा घ्यायची, पण एक दिवस समोरासमोर बसून ‘आपण आता एकमेकांचे आहोत ना?’ असं रीतसर विचारेपर्यंत काहीच पक्कं नसतं. त्याच्या आयुष्यात दुसरी कुणी होती का? छे! पण न विचारता बाईला आपली समजायचं, हा त्याच्या मते शुद्ध उद्धटपणा. म्हणून गडी थांबला. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, दिवाळी तोंडावर आली, तरी हा आपला धीर गोळा करतोय.

शेवटी दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सकाळी आला. “मॅम, आज विचारणार. तिने सातला जेवायला बोलावलंय. फुलं कुठली नेऊ?”

सुपरमार्केटमधली प्लास्टिकात गुंडाळलेली गुलाबं बघून माझं डोकं उठतं. मी म्हटलं, मनामाला देवळाच्या गल्लीत दिवाळीची ताजी शेवंती आलीये, मी निघालेच आहे, चल. तिथे टोपलीतली पिवळीधमक शेवंती बघून तो जो उभा राहिला, तो हलेचना. म्हणाला, “ही आमच्या ओहायोची फुलं. ऑक्टोबरात माझी आई घराच्या पायऱ्यांवर याच्या कुंड्या मांडायची.” डोळे भरले हो त्याचे. शेवंती देवाची, आणि याच्या आईची. याहून शुभ काय असणार? हातात मावणार नाही एवढा भारा बांधून दिला मी त्याला.

आता मला कुणी सांगितलं होतं का, की फ्रान्सात शेवंती थडग्यावर वाहतात?

तो सातला म्हणजे सातला दारात हजर. फ्रेंच लोकांत जेवायला बोलावलं की पाहुणा थोडा उशिराच येतो, तीच सभ्यता. त्यामुळे बाईचे केस ओले, आमटी चुलीवर, आणि दार उघडते तर समोर स्मशानाची सगळी फुलं कवेत घेऊन हा हसतोय. आणि वर याने तिथेच, उंबऱ्यात, पाठ करून आणलेला प्रश्न विचारला. आपण दोघं एकमेकांचे आहोत का?

रविवारी सकाळी ती शेवंतीचा भारा घेऊन माझ्या दुकानात आली. भारा माझ्या मशीनवर आपटला. “मंगलाऽ, तो माझ्या दारात थडगं घेऊन आला! आणि मला विचारतो, तू माझी आहेस का? मग तीन महिने मी कोण होते? शेजारीण?”

मला वाईट वाटायला हवं होतं. पण माझा पारा चढला. माझ्या लक्ष्मीपुढच्या फुलांना ही मढ्याची फुलं म्हणते? मी म्हटलं, “फुलं मी निवडली. माझ्या देवाची आहेत ती. तुला नको तर नको, आपटायची नाहीत.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “मी हनोईला फोन केलाय. जागा अजून रिकामी आहे. गुरुवारपर्यंत हो म्हणायचंय.” आणि निघून गेली. गालबिल काही नाही.

मी शेवंती बादलीत ठेवली. रात्री ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “तू कशाक मधी पडतंस? तू आपला शिव.” मी शिवलं. सोमवार शिवलं, मंगळवार शिवलं. बादलीतलं पाणी बदलत राहिले आणि जिवाला चैन पडेना. दोन शहाणी माणसं एकमेकांवर जीव टाकतात, आणि एक जाते हनोईला, का तर एकाने विचारलं! आमच्या लग्नात मला कुणी काही विचारलं नव्हतं. पोह्यांची बशी ठेवली, ह्यांनी पोहे संपवले, झालं ठरलं.

बुधवारी वेंडेल नव्या पँटी घेऊन आला. चेहरा उतरलेला. मी त्याला स्टुलावर चढवला, दोन्ही पायांना टाचण्या भरल्या, आणि मग तोंड उघडलं.

“ती उद्या हनोईला हो म्हणणार आहे.”

“माहीत आहे, मॅम. तिचा निर्णय आहे. मी आड येणार नाही.”

“अरे शहाण्या! ऑगस्टमध्ये तिने त्याच शाळेला नाही म्हटलं होतं. अरादहून आली त्याच आठवड्यात. तुझ्यासाठी!”

तो पांढराफटक पडला. “पण... आम्ही तेव्हा काही बोललोसुद्धा नव्हतो.”

“तिच्यासाठी बोलणं झालं होतं. आणि तू तीन महिन्यांनी विचारतोस, माझी आहेस का?”

तेवढ्यात दार उघडलं. ओडिल. तिचा उसवलेला झगा न्यायला आली होती, बॅगेत भरायला. स्टुलावर त्याला बघून ती तशीच मागे वळली.

“थांब,” मी ओरडले. गिऱ्हाइकावर मी कधी ओरडत नाही. “झगा तयार आहे. पण आधी इथे बस. तू माझ्या फुलांना नावं ठेवलीस, त्याचं काय?”

काय मनात आलं कोण जाणे, बसली. बहुतेक भांडायलाच. वेंडेल उतरायला गेला, तर मी बजावलं, “खबरदार! माझ्या टाचण्या सुटतील.” आणि बादलीतली शेवंती घेऊन मी वेणी करायला बसले. दोऱ्याच्या गाठी मारता मारता तिला सांगितलं, की आमच्या अंगणात हीच फुलते, देवाला जाते आणि बाईच्या केसात जाते.

“कुठल्या बाईच्या?” तिने विचारलं. मास्तरीण ती, सोडते का!

खोटं मला बोलता येत नाही. “नवरा असलेल्या बाईच्या.”

“मग माझ्यासाठी नाही,” ती म्हणाली. “मी दर वर्षी एक नोव्हेंबरला ही फुलं नवऱ्याच्या थडग्यावर ठेवायची. यंदा जाता येणार नाही. शनिवारी दार उघडलं तर हीच फुलं समोर. मला वाटलं, तोच रागावून आलाय.”

मला एकदम माझी आई दिसली. बाबा गेले तेव्हा ती चाळिशीचीसुद्धा नव्हती. शेवंतीला पाणी तीच घालायची, पण केसात म्हणून एक फूल घातलं नाही. मी वेणी करून न्यायची, तर म्हणायची, देवाक घाल. मला तिचा राग यायचा, लोकांचा राग यायचा, आणि कुणाला बोलता यायचं नाही. तो सगळा राग तेव्हा दुकानात वर आला.

“गप बस,” मी ओडिलला म्हटलं, मराठीतच. तिचा अंबाडा धरला आणि वेणी बांधून टाकली, दोन पिना जास्तच खोचल्या. आरसा दिला हातात. “तुमच्याकडे मेलेल्याला, आमच्याकडे सवाष्णीला, याच्या आईकडे पायऱ्यांवर. फूल एकच आहे. माझ्या दुकानात माझा कायदा चालतो.”

ती आरशात बघत राहिली. रडू लागली, पण वेणी काढली नाही.

स्टुलावरून आवाज आला. “ओडिल, मला काही विचारायचं नाहीये.”

“देवाची कृपा,” ती म्हणाली.

“मी सांगतोय. अरादपासून मी तुझा आहे. विचारणं म्हणजे मान देणं, असं मला शिकवलंय. तू आधीच उत्तर दिलंस, हे मला कळलं नाही. हनोईला जाऊ नकोस. हासुद्धा प्रश्न नाही.”

ती उठली. नाक पुसलं. स्टुलाशी गेली आणि मान वर करून म्हणाली, “खाली ये. एवढ्या उंच माणसाशी मी भांडू शकत नाही.”

“टाचण्या!” मी ओरडले, पण तोवर तो उतरला होता. घोट्यात टाचणी घुसली आणि केवढ्याने कळवळला! ती रडता रडता हसायला लागली. मग याने हात पसरायच्या आधी तिनेच त्याला मिठी मारली. घरच्या माणसाला मारतात तशी. पुढचं मी बघितलं नाही, इस्त्रीकडे तोंड केलं. नेमके त्याच वेळी आमचे हे डबा घेऊन आत आले, आणि आले तसे पाऊल न वाजवता बाहेर गेले. गुरुवारी हनोईला नकार गेला, दुसऱ्यांदा.

शुक्रवारी लक्ष्मीपूजन आणि त्यांच्याकडचा थडग्यांवर फुलं वाहायचा एक नोव्हेंबर एकाच दिवशी आले. सकाळी ओडिलने मूठभर शेवंती नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवली, वेंडेल शेजारी मान खाली घालून उभा होता. संध्याकाळी दोघं आमच्या खोलीवर फराळाला आली. तिच्या केसात वेणी होती, तिची तिनेच माळलेली, उलटी. त्या दोघांच्या दारात आता शेवंतीची कुंडी आहे. त्याला तीन हव्या होत्या, तिने एकीवर तोडलं.

पूजेच्या वेळी मी आईला व्हिडिओ कॉल लावला होता. तिने ओडिलला बघितलं, मग मला हळूच विचारलं, “हिचो घो गेलेलो ना गो? आणि फूल माळल्यान?”

“होय. मीच घातलं पहिल्यांदा.”

आईने फोन डोळ्यांजवळ नेऊन ओडिलला परत बघितलं. मला वाटलं, आता ऐकायला मिळणार. “बरा दिसता तिका,” एवढंच म्हणाली, आणि दिवा लावायचाय म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी परत लावला. नेहमीसारखं छप्पर दिसत होतं, कोपऱ्यात आईचं अर्धं कपाळ आणि कानामागे पिवळं काहीतरी.

“आये, काय गो ता?”

“काय नाय,” आई म्हणाली. “देवाचा फूल खाली पडला हुता. ता खोवलंय.”