जवाईबापूंची एस्पेरांतो

जवाई असून माणसानं आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला, लेक अडवावी, हे रावेरच्या लताबाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं. सासूनं अडवली असती तर एक वेळ समजलं असतं. सासूचा तो हक्कच. पण लीलाधरनं अडवली होती ती एका भाषेपायी. भाषा तरी कोणाची? ना कुठल्या गावाची, ना कुठल्या जातीची. कोणा माणसानं टेबलाशी बसून बनवलेली. नाव एस्पेरांतो. लताबाईंना ते जुलाबाच्या औषधाचं वाटे.

लेकीला, चारुलताला आणायला तिचा भाऊ नीलेश मुराळी म्हणून धुळ्याला गेला होता. भाऊ दारात उभा राहिला की बहिणीनं पिशवी उचलायची, ही खानदेशची रीत. नीलेश एकटाच परत आला, वर चार शब्द शिकून. दाजींचा नेमका सणाच्या तोंडावर मोबाइलवर त्या भाषेचा वर्ग आहे, देशोदेशीची माणसं बघणार आहेत, ताईनं खापरावर मांडे करून दाखवायचे आहेत. मांडा खापरावर, जाळ खापराखाली, पुरण मांड्यात. वर, खाली, आत शिकवायला याहून सोपं काही नाही म्हणे. लताबाईंनी त्याला तिथंच गप्प केलं. चुलीजवळ वाढलेल्या पोराला जाळ कुठं असतो हे परक्या भाषेतून कळावं, म्हणजे आपलंच बियाणं हलकं, असं म्हणून त्या पातळ बदलायला उठल्या.

आई कधी मुराळी होऊन जात नाही. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणीही पीत नाही. लताबाई गेल्या, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन.

धुळ्याच्या घरी गच्चीवर चूल पेटलेली, खापर पालथं घातलेलं, समोर मोबाइल तिवईला बांधलेला. चारुलता कोपरापर्यंत कणकेत. लीलाधर पाया पडला आणि वर्गाला अवकाश होता म्हणून सासूलाच शिकवायला बसला. एक शब्द घ्यायचा आणि त्याला पुढून-मागून तुकडे जोडत जायचं. चांगल्याच्या आधी 'माल' लावला की वाईट. बाप म्हणजे पात्रो; त्याला शेपूट जोडलं की पात्रीनो, आई. तिच्या आधी 'बो' लावलं की सासू.

लताबाईंनी बाटलीतला घोट घेतला. बापाला शेपूट लावून आई होत असती तर बापांनी बाळंतपणंही उरकली असती, असं त्या म्हणाल्या. आणि सासूला तर दोन्ही बाजूंनी ठिगळं. रावेरच्या केळीच्या ट्रकांनासुद्धा इतके जोड नसतात. लीलाधर हसला. अपमान त्याच्या अंगाला चिकटतच नव्हता.

वर्ग सुरू झाला. पडद्यावर रंगारंगाची तोंडं. चारुलतानं मांडा हातांवर पसरून खापरावर टाकला. लीलाधर काडीनं वर, खाली, आत दाखवू लागला: सुर, सुब, एन. मग त्यानं बायकोला विचारलं, तू कुठं आहेस? मी चुलीपाशी आहे, असं तिनं म्हणायचं होतं. आठवडाभर तो तिच्याकडून तेवढंच घोकून घेत होता.

चारुलतानं हात पुसले. "मी इरोस आल मिआ पात्रीनो," ती म्हणाली आणि आईकडे बोट केलं. मग नवऱ्याकडे बघून मराठीतही म्हणाली, "आईकडे चालले."

पडद्यावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. एक पांढऱ्या केसांची बाई तर हात हलवून निरोपच देऊ लागली. एवढ्या जगासमोर 'जाऊ नको' म्हणायची सोय नव्हती; लीलाधरनंही काडी हलवून निरोप दिला. खापरावर मांडा करपत होता.

चारुलता पिशवी घेऊन खाली उतरली. लताबाई जिन्यापाशी थांबल्या.

"जवाईबापू, तुम्ही माझ्या लेकीला चुलीपाशी बसायचं शिकवू राह्यले होते, ती निघायचं शिकली. भाषा वाईट नाही तुमची, माणूस तेवढा कच्चा हाय. आखाजी झाली की तिला न्यायला स्वतः या. दारात शेपटीची आई उभी असेल, तिच्या पाया पडा आणि मगच आत पाऊल टाका."