उलट्या वाऱ्यातून अलामेडा

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने शिडाची बोट खाली दक्षिणेला न्यायची म्हणजे पोरखेळ. वारा पाठीशी, लाटा पाठीशी. तीच बोट परत वर आणायची म्हटलं की तोच वारा तोंडावर येतो आणि दिवसाला जेमतेम एखादं गाव मागे पडतं. राजारामने एकोणनव्वदच्या ऑगस्टमध्ये ऑफिसातल्या मित्राबरोबर मजेत बोट सान फ्रान्सिस्कोजवळच्या अलामेडाहून, आपल्या घरून, सान डिएगोला नेली. परत आणायची वेळ आली तेव्हा मित्राला नेमकी पाठदुखी झाली.

मग त्याने मिशिगनमधल्या नोव्हाय गावी साडूला फोन लावला. एकनाथराव डेट्रॉइटकडे मोटारीच्या कंपनीत इंजिनियर. उन्हाळाभर मिशिगनच्या तळ्यात शिडं उभारून हिंडायचे आणि प्रत्येक दिवाळीला राजारामला फोनवर सांगायचे, "तुझा पॅसिफिक नुसता नावाला शांत. आमच्या तळ्यावर ये, मग कळेल वारा काय असतो ते." आता आयती संधी आली. रजा टाकून ते आले आणि बरोबर सुलेखाताईही आल्या, धाकट्या बहिणीकडे, शरयूकडे, राहायला. मुलगी दीपा शाळेसाठी नोव्हायलाच राहिली, शेजाऱ्यांच्या भरवशावर.

दोघं सान डिएगोहून निघाले ते रडतखडतच. पॉइंट कन्सेप्शनच्या भूशिराला तर वाऱ्याने त्यांना दोनदा मागे हाकललं. अंगावरचे कपडे वाळेनात, भात शिजेना. एकनाथराव ओल्या ब्रेडला लोणचं लावून खात आणि वर म्हणत, "राजाराम, ही बोट आहे की रवी? नुसतं घुसळतेय."

माँटेरेला पोचल्यावर राजारामने धक्क्यावरून घरी, अलामेडाला, फोन केला.

शरयू खुशीत होती. "आज लवकर निघालेय मी लॅबमधून. ताईला घेऊन संध्याकाळी बर्कलीला जाते, पोहे आणि डाळं आणायला. दिवाळीचा चिवडा तीच करणार म्हणते. माझ्या हातचा म्हणे मऊ पडतो."

"पडतोच," राजाराम म्हणाला.

मागून सुलेखाताईंचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, आमचे अहो धड आहेत ना?"

"धड आहेत. तोंड तर अगदीच धड आहे."

त्या दुपारी नवल झालं. इतके दिवस छळणारा वारा एकाएकी पडला. समुद्र तेलासारखा गुळगुळीत, हवा ऑक्टोबरात नको इतकी उबदार. शिडं गुंडाळून त्यांनी इंजिन लावलं आणि माँटेरेचा उपसागर सरळ कापायला घेतला. रेडिओवर बेसबॉलच्या फायनलची बडबड चालू होती. मॅच सान फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांच्यातच होती, त्यामुळे अख्खा बे एरिया लवकर घरी पळाला होता. पाच वाजता सांता क्रूझ, आपलं मुंबईतलं नव्हे, इथलं, उजव्या हाताला स्पष्ट दिसत होतं. राजाराम सुकाणूवर होता. एकनाथराव चहा घेऊन वर आले.

आणि बोट कशावर तरी आदळली.

खालून धाडकन दणका बसला. मग खडकावरून फरफटत नेल्यासारखी सगळी बोट थरथरायला लागली. डोलकाठीच्या तारा झणझणल्या. चहा एकनाथरावांच्या हातावर सांडला, त्याचं त्यांना भानही नव्हतं.

"इंजिन बंद कर! खडक आहे!"

"इथं कुठला खडक? अडीचशे फूट पाणी आहे!"

इंजिन बंद केलं तरी थरथर चालूच. मग ती आपोआप थांबली. दोघांनी तळाच्या फळ्या उचलून पाहिल्या. आत थेंबभर पाणी नव्हतं. रेडिओवर मात्र नुसती खरखर होती.

"राजाराम," एकनाथराव हळूच म्हणाले, "किनाऱ्याकडे बघ."

किनाऱ्याचे कडे धुरकटले होते. जिथवर नजर जाईल तिथवर उभ्या कड्यांवरून तपकिरी धूळ वर चढत होती, कुणी चादर झटकावी तशी. गावावरही तसाच ढग उठला होता. आवाज काहीच नव्हता. समुद्र तसाच गुळगुळीत.

भूकंप हा शब्द दोघांच्याही मनात आला, पण तो प्रथम उच्चारला बोटीवरच्या वायरलेसने. एकाच वेळी दहा माणसं बोलत होती. बंदरातून सगळ्यांना बजावत होते, आत येऊ नका, पाणी खालीवर होतंय, बोटी एकमेकींवर आपटताहेत. थोड्या वेळाने रेडिओचं एक स्टेशन जिवंत झालं. सान फ्रान्सिस्को आणि ओकलंड जोडणाऱ्या बे ब्रिजचा एक तुकडा खाली आला होता. मग निवेदकाचा आवाज अडखळला. ओकलंडमधला निमिट्झ फ्रीवे, जिथे तो दोन मजली आहे, तिथे वरचा मजला खालच्यावर बसला आहे. गाड्या आत आहेत. किती ते माहीत नाही.

राजारामने सुकाणू सोडलं नाही. अलामेडाहून बर्कलीला जायचा तोच रस्ता. उत्तरेकडे जाणारी वाहतूक खालच्या मजल्यावरून.

"पोह्यांना जायचं म्हणत होत्या," तो म्हणाला.

एकनाथराव म्हणाले, "गेल्या नसतील. बायका ठरवतात एक आणि करतात एक. गप्पा मारत बसल्या असतील." पुन्हा तेच म्हणाले, जरा मोठ्याने.

ती रात्र त्यांनी गावाबाहेर नांगर टाकून काढली. किनाऱ्यावर एकही दिवा नव्हता.

उजाडताच छोटी होडी वल्हवत ते बंदरात गेले. पब्लिक फोनपुढे रांग होती. काही माणसांच्या केसांत चुन्याचा भुगा होता, कुणी पायजम्यावरच होतं. अलामेडाचा नंबर लागतच नव्हता. मागच्या बाईने सांगितलं, "राज्याबाहेर लावून बघा, ते लागतायत. सगळे तसंच निरोप देतायत." एकनाथरावांनी नोव्हायला लावला. पहिल्याच घंटेला दीपाने उचलला.

राजारामला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. त्याला फक्त साडूंचं तोंड दिसत होतं.

"हो बेटा. आम्ही ठीक आहोत... हो... कधी आला होता मावशीचा फोन?... बरं... बरं. तू जेव काहीतरी... नाही, रडू नकोस. मी जातोय ना. मी जातो तिकडे."

त्यांनी फोन जागेवर ठेवला, तो नीट बसलाय ना ते दाबून पाहिलं आणि मग वळले.

"शरयू बाहेर आलीय. रांगत आली म्हणे. हातांना लागलंय, बाकी ठीक आहे." मग थांबून, "सुलेखा अजून आत आहे. काढतायत."

राजारामच्या छातीतून काहीतरी उसळून वर आलं आणि ते त्याने तिथेच दाबलं. साडूंच्या दंडाला धरून उभा राहिला.

डोंगरातला रस्ता दरडींनी बंद झाला होता. किनाऱ्याच्या रस्त्याचं कुणीच खात्रीने सांगत नव्हतं आणि गाडी तरी कुणाकडे मागणार? बोट तेवढी धड होती. राजारामने पुन्हा रांगेत उभं राहून बोटीने निघतोय एवढं दीपाला कळवलं.

"चल," एकनाथराव म्हणाले.

बाहेर आले तर वारा परतला होता. वायव्येचा, बरोबर नाकासमोरून. त्यांनी इंजिनही लावलं आणि शीडही चढवलं. एकदा तिरपं खोल समुद्रात जायचं, मग वळून तिरपं किनाऱ्याकडे यायचं, आणि इतकं करून पाहावं तर मघाचाच दीपस्तंभ जरासा मागे सरकलेला. लाट नाकावर फुटली की बोट जागच्या जागी थिजायची. राजारामला वाटायचं, उतरून हातांनी ओढावी.

एकनाथराव सुकाणू सोडेनात. रात्रंदिवस चालणारी त्यांची वटवट बंद होती. पाणी दिलं तर प्यायचे, खायला दिलेलं हातातच राहायचं. राजाराम दोऱ्या ओढत होता आणि प्रत्येक लाटेबरोबर त्याच्या आत एकच वाक्य उठत होतं. शरयू आहे. शरयू आहे. ते थांबवावं म्हटलं तरी थांबेना. साडूंना दिसू नये म्हणून तो तोंड वळवून बसत होता.

दुपार कलताना एकनाथराव अचानक बोलले.

"राजाराम, तोंड का लपवतोस? बायको वाचलीय तुझी. हस की."

"एकनाथराव, तसं नाही..."

"तसंच आहे. माझी वाचली असती आणि तुझी आत असती, तर मीही असाच पाठ करून बसलो असतो." त्यांनी बाहीने तोंडावरचं खारं पाणी पुसलं. "तुझी वाचली म्हणून माझी जात नाही. दोन्हींचा हिशेब वेगळा आहे."

राजारामला रडूच कोसळलं. एकनाथराव रडले नाहीत. म्हणाले, "शीड सैल सुटलंय. ओढ."

अंधार पडल्यावर हाफ मून बे बंदराचे दिवे दिसले. "आत जाऊन फोन करू या?" राजारामने विचारलं.

"नको."

"तासाभराचं काम आहे."

"फोनवर नको," एकनाथराव म्हणाले. त्यावरून राजारामला कळलं की ते काय धरून चालले आहेत.

दुसऱ्या दिवशी ते गोल्डन गेटखालून आत शिरले. तो पूल जसाच्या तसा होता, हे पाहूनच धक्का बसला. शहराच्या एका बाजूवर अजून धुराची काजळी होती. पुढे बे ब्रिज आला. वरच्या रस्त्याचा एक तुकडा खाली लोंबत होता, कपाटाचं फळकुट एका बाजूने निसटावं तसा. एरवी त्या पुलावर अखंड घरघर असायची. आज वर एकही गाडी नव्हती. त्याखालून जाताना त्यांना स्वतःच्या इंजिनाचा आवाज परत ऐकू आला.

अलामेडाच्या धक्क्यावर शरयू उभी होती. बोटीने येतोय हे दीपाने तिला कळवलं होतं. दोन्ही हातांना कोपरापर्यंत बँडेज. ती एकटीच होती.

बोट टेकायच्या आधीच एकनाथरावांनी उडी टाकली. दोरी खुंट्याला बांधली, गाठ ओढून पाहिली. मग सरळ उभे राहिले.

"कधी?"

"भावजी..."

"कधी, शरयू?"

"तेव्हाच. पडलं तेव्हाच." तिने नजर हटवली नाही. "मी तिचा हात धरून होते. मी खूप हाका मारल्या. मग बाहेरून ती माणसं शिड्या लावून चढली, तिथल्या आसपासच्या घरांतली. त्यांनी मला ओढलं. मला यायचं नव्हतं."

"दीपाला तू सांगितलंस की आत आहे."

"ती आतच होती, भावजी. अजून आतच आहे. अजून काढलं नाही त्यांनी. पोर एकटी होती तिकडे. माझ्याने बोलवेना."

एकनाथरावांनी मान हलवली. मग वळून बोटीवर चढले आणि शिडाची घडी घालायला लागले. ओलं शीड, पण सुरकुती न ठेवता, कडेला कड जुळवून. राजाराम मदतीला गेला तर त्यांनी हाताने त्याला दूर केलं. घडी झाली. ते उतरले, बंदराच्या ऑफिसात गेले आणि नोव्हायला फोन लावला.

काचेतून त्यांची पाठ दिसत होती. राजारामने शरयूला जवळ घेतलं. दोन दिवस दाबलेला आनंद आता शोधूनही सापडेना. तिच्या केसांना सिमेंटचा वास येत होता. आत एकनाथराव बोलता बोलता भिंतीला टेकले आणि हळूहळू खाली बसले. फोन कानाला तसाच होता.

दीपा पहिल्या मिळालेल्या विमानाने आली. सुलेखाताई हाती लागेपर्यंत चौघं रोज ओकलंडला, कोसळलेल्या फ्रीवेभोवती घातलेल्या कठड्याशी जाऊन बसायची. शेजारपाजारची माणसं कॉफी आणून द्यायची आणि काही विचारायची नाहीत. क्रेन चालायची, थांबायची, पुन्हा चालायची. एका दुपारी दीपा मावशीजवळ सरकली.

"यू शुड हॅव टोल्ड मी, मावशी."

"हो गं," शरयू म्हणाली. "सांगायला हवं होतं."

दीपाने मावशीचा बँडेजमधला हात दुखणार नाही अशा बेताने उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला.